जावळाचा कूम

४ मार्च

आज सरकारनं मला नेमलं. झेलेनित्सा नदी आयोगाचा सभासद. जानेवारीभर जुन्या पुलावर 'नदी वाचवा' लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा होतो आणि खडीचे ट्रकवाले हॉर्न वाजवून मला चिडवत होते. शेवटी राजधानीतल्या कुणाला तरी वाटलं असणार, या पोराला बाहेर गारठवण्यापेक्षा आत बसवून गप्प करावं. गप्प बसणारा मी नव्हे. खुर्ची मात्र चांगली आहे, फिरते.

आयोगात सात माणसं. नवा नियम असा की त्यातला एक 'हितसंबंध नसलेला तरुण' हवा. कायद्याचं बघणाऱ्या दारिंकाबाईंनी फॉर्म भरून घेतला. नाव? वुकोता. जमीन? नाही. कंपनी? नाही. नोकरी? नाही. बायको? नाही. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. 'इतका कोरा माणूस या इमारतीत आजवर आला नव्हता,' म्हणाल्या. मी छाती काढून घरी आलो. आई कोबी चिरत होती. 'तेवीस वर्षांचा घोडा, शिक्षण अर्ध्यावर, पदरात काही नाही, हे मला ठाऊकच होतं,' ती म्हणाली. 'आता सरकारनं शिक्का मारून दिला.'

शिक्षण मी अर्ध्यावर सोडलं नाही. संख्याशास्त्राच्या प्रोफेसरानं मला पुन्हा नापास केलं, मी त्याच्या टेबलावर त्याचंच पुस्तक आपटलं आणि गावी, द्रेनोवोला, परत आलो. याला सोडणं म्हणत नाहीत, बाणा म्हणतात.

नेवेनाला बातमी द्यायला औषधाच्या दुकानात गेलो. ती तिथे कामाला असते. घशाच्या गोळ्या मागितल्या. 'या आठवड्यातलं दुसरं पाकीट आहे हे. घसा डॉक्टरला दाखव.' मी म्हटलं, दुखणं घशाच्या जरा खाली आहे. रांगेतली म्हातारी खुदकन हसली. नेवेना हसली नाही, पण गोळ्यांचे पैसे घ्यायला विसरली. विसरली की विसरल्यासारखं केलं, यावर अख्खी संध्याकाळ गेली.

तिचे वडील ब्लाझो. नदीतून खडी उपसणारी ती पिवळी यंत्रं त्यांचीच. पण त्याचा इथे काही संबंध नाही. तत्त्व वेगळं, प्रेम वेगळं.

१२ मार्च

पहिली बैठक. इथे कामाची एक रीत आहे. ज्याच्या घरचं प्रकरण येतं तो उठतो, कोटाचं बटण लावतो, 'मी या विषयापुरता बाजूला होतो' म्हणतो आणि पॅसेजमध्ये जाऊन सिगारेट पेटवतो. ती अर्धी होईस्तोवर आत मंजुरी झालेली असते. मग तो परत येतो आणि दुसरा उठतो. जनावरांचे डॉक्टर गोयको बाहेर गेले. त्यांच्या भावाचं ट्राउट माशांचं तळं मंजूर. अध्यक्ष सेकुलेसाहेब बाहेर गेले. गोयको त्यांच्या खुर्चीत, आणि साहेबांच्या बायकोच्या हॉटेलाला नदीकाठ मंजूर. एकदा दोघांची दारातच गाठ पडली, तेव्हा आत येणाऱ्यानं बाहेर जाणाऱ्याला आपली पेटती सिगारेट दिली. काटकसर.

मी विचारलं, 'कुणी काही विचारायचं नाही का?'

सेकुलेसाहेब पांढरी मिशी पुसत म्हणाले, 'पोरा, माणूस उठून बाहेर गेला. आणखी किती प्रामाणिक व्हायचं त्यानं?'

'खोलीतून गेला. व्यवहारातून नाही.'

'व्यवहाराला दार कुठे आहे ते दाखव, तिथूनही जाऊ.'

सगळे हसले. दारिंकाबाईसुद्धा, पण त्यांनी तोंडापुढे कागद धरला. मी प्रत्येक प्रकरणात विरोधात हात वर केला. खांदा दुखतोय.

१९ मार्च

संध्याकाळी मुख्य रस्त्यावर नेवेनाबरोबर चार फेऱ्या मारल्या. सगळं गाव तिथेच फिरत असतं, त्यामुळे मी तिच्यापासून हातभर अंतर ठेवून चाललो आणि ते हातभर अंतर मला मैलभर वाटलं. तिच्या मनगटावर दुकानाच्या जांभळ्या शिक्क्याचा डाग होता. तो डाग मला अजून दिसतोय.

ती म्हणाली, 'पुढच्या गुरुवारी बाबांचा अर्ज येणार. काय करशील?'

'विरोधात. पुलाचे पाय उघडे पडलेत. आपण जिथून उड्या मारायचो तिथे आता खड्डा आहे, वासरू बुडालं त्यात.'

'ठीक. मग निकाल लागेपर्यंत आमच्या घरी पाऊल टाकू नकोस. कुणी बोलावलं तरी.'

'का? मी घाबरतो का?'

'तू घाबरत नाहीस, हीच तर पंचाईत आहे.'

याचा अर्थ तिला माझ्या धैर्याचं कौतुक आहे.

२७ मार्च

आज डोकं फिरलं.

मोठे परवाने आयोग वर्षातून दोनदाच घेतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. ब्लाझोकाकांचा अर्ज पुलाखालच्या वळणाचा, दहा वर्षांचा. दहा वर्षांच्या परवान्याला खोलीत हजर असलेल्यांच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. सात हजर तर पाच, सहा हजर तर चार, असं दारिंकाबाईंनी फळ्यावर लिहून दिलं. हा सगळा संख्याशास्त्राचा विषय, मी खिडकीबाहेर बघितलं.

बाजूनं चार: सेकुलेसाहेब, गोयको आणि त्यांच्यामागे मान हलवणारे दोघे. विरोधात क्रस्तो मास्तर आणि राजधानीहून येणाऱ्या इंजिनिअरबाई. सातवा मी. म्हणजे माझ्यावर गाडी अडली.

मी उभा राहिलो. म्हटलं, 'सेकुलेसाहेब, ब्लाझोच्या लग्नात तुम्ही कूम होता, साक्षीला उभे राहिलात. गोयकोडॉक्टर, त्यांच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात तुम्ही धरलंत. हे मागचे दोघे त्यांच्या मुलाच्या लग्नातले आणि भावाच्या लग्नातले कूम. चौघंही बाहेर व्हा.'

'नियम वाचा, दारिंकाबाई,' साहेब म्हणाले.

बाईंनी वाचलं. नवरा, बायको, मुलं, भाऊ, बहीण, सासरा, जावई, मेहुणा. कूम नाही.

मी ओरडलो. जे या डोंगरातलं शेंबडं पोर जाणतं ते मी या शहाण्यांना सांगितलं. कूम भावापेक्षा जवळचा. भावाशी कोर्टात भांडता येतं, कुमाशी नाही. कुमाच्या विरोधात साक्ष देत नाहीत. कूम व्हायला बोलावलं तर नाही म्हणत नाहीत. कुमाच्या घरात सोयरीक करत नाहीत, कारण ती बहीण लागते. आणि हे म्हणे नातं नाही.

'पोरा, हे सगळं चुलीपाशी खरं,' साहेब म्हणाले. 'आयोगाला चूल नाही. ठराव घ्या, दारिंकाबाई. कूम हे नातं नाही. कुणी त्या कारणानं बाहेर जाणार नाही.'

चार विरुद्ध तीन, ठराव पास. तेवढ्यात मी पाण्याचा ग्लास टेबलावर असा आपटला की इंजिनिअरबाईंच्या नकाशावर पूर आला. बैठक तिथेच थांबली, उरलेली ईस्टरनंतर होणार.

२ एप्रिल

पुलाशी ब्लाझोकाका भेटले. मला वाटलं हाणामारी होणार, म्हणून बाह्या सरसावल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'त्या दिवशी बैठकीत फार छान बोललास म्हणे. कुमाचं महत्त्व इतकं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या नातवाचं, ओग्नेनचं, जावळ काढायचंय. जुन्या रीतीनं. कात्री तू धरावीस अशी माझी इच्छा आहे.'

आजकाल जावळाचा कूम कुणी करत नाही. पूर्वी दोन घरांतलं वैर मिटवायला करायचे. म्हणजे ते वैर मिटवू पाहतायत. म्हणजे मला घरात घेतायत. घरात नेवेना आहे.

'काका,' मी म्हटलं, 'याला नाही म्हणता येत नाही.'

'म्हणूनच तर विचारलं,' ते म्हणाले. किती मोकळा माणूस.

२ एप्रिल, पुन्हा

आईला सांगितलं. ती पातेल्यात मक्याचं पीठ घोटत होती, हात थांबला, काचामाक खाली लागला.

'हो म्हणालास?'

'हो.'

'नेवेनाच्या घरी कूम व्हायला.'

'अगं, हे काही चर्चमधलं नाही. बाप्तिस्मा नाही, लग्न नाही. कात्री, केस, नाणं आणि जेवण. जावळाचा कूम म्हणजे अर्धा कूम.'

'अर्धा कूम,' ती म्हणाली आणि करपलेलं पातेलं तसंच माझ्यापुढे ठेवलं. 'खा. हेही अर्धंच शिजलंय.'

बायका शुभकार्याच्या वेळी उगाच हळव्या होतात.

१० एप्रिल

काय दिवस होता. दुधात शिजवलेलं कोकरू, धुरावर वाळवलेलं मांस, तीन प्रकारची चीज, राकियाच्या बाटल्या. अंगणात दोन लांब टेबलं. आयोगातले चौघेही होते, मला बघून उठून उभे राहिले. सेकुलेसाहेबांनी मिठी मारली. 'आता तू आमच्यातला,' म्हणाले.

ओग्नेन आईच्या मांडीवर रडत होता. मी कपाळाच्या वरची एक बट कापली, मग एका कानापाशी एक. नेवेनानं खाली वाडगा धरला होता. निळा झगा, केस वर बांधलेले. माझी कात्री हवेतच थांबली.

ती हळूच म्हणाली, 'कात्री जड वाटतेय का?'

'नाही तर.'

'जड वाटत असेल तर ठेव खाली. कुणी काही म्हणालं तर म्हणू दे.'

माझी किती काळजी. मी म्हटलं, 'तुझ्यासाठी अख्खी मेंढी भादरीन.' आणि तिसरी बट कापली. वाडग्यात नाणं टाकलं. सगळ्यांनी 'कुमे, कुमे' अशी हाक मारून पाठ थोपटली. रीतीप्रमाणे कुमाला सदरा द्यायचा असतो, तो तिनंच आणून दिला. 'घ्या, कुमे,' म्हणाली. मला 'घ्या' म्हणाली. चारचौघांत लाजली असेल.

सदरा गळ्यात घट्ट होतोय.

१३ एप्रिल

मी गाढव आहे. हे वाक्य इथे एकदाच लिहीन.

आज फिरताना नेवेना माझ्याशी बोलेना. तिसऱ्या फेरीला मी तिच्या वाटेत उभा राहिलो.

'मार्चमध्ये मी बाबांना सांगितलं होतं,' ती म्हणाली. 'उन्हाळा संपला की वुकोताशी लग्न करीन, तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. ते म्हणाले, नाही कशाला म्हणू, बोलावू त्याला घरी. आणि बोलावलं.'

'मग?'

'मग काय? तूच आयोगात ओरडून सांगितलंस ना, कुमाच्या घरची मुलगी बहीण लागते. गावाला पाठ झालंय तुझं भाषण. आज दुकानात दोन बायकांनी मला विचारलं, भाऊ कसा आहे.'

'पण हा जावळाचा कूम. अर्धा.'

'लोकांना सांग. एकेकाला गाठून सांग, मी अर्धा आहे. कुणी नाही म्हणणार नाही.'

'तू मला आधी का नाही बोललीस?'

'घरी येऊ नकोस म्हटलं. कात्री खाली ठेव म्हटलं. आता काय औषधाच्या बाटलीवर लिहून द्यायचं होतं?'

ती गेली. बेकरीसमोर उभा राहून मी भिंतीला लाथ मारली. भिंत आहे तशी आहे, अंगठा सुजला.

१५ एप्रिल

आणखी एक गोष्ट आता कळतेय. कुमाच्या विरोधात हात वर करणारा माणूस द्रेनोवोत राहू शकत नाही. त्याला कुणी कॉफी विचारणार नाही, त्याच्या आईला बाजारात कुणी जागा देणार नाही. म्हणजे ब्लाझोनं एकाच कात्रीत दोन कामं केली. मुलगी वाचवली आणि माझा हात बांधला.

पण मीही काही कच्चा नाही. उपाय सापडलाय. बाजूनं नाही, विरोधात नाही. कोटाचं बटण लावून म्हणणार, मी या विषयापुरता बाजूला होतो. नदीशीही इमान, कुमाशीही. आधी कसं सुचलं नाही.

२४ एप्रिल

बैठक. अर्ज पुकारताच मी उठलो. 'मी अर्जदाराचा कूम आहे. माझा हितसंबंध आहे. मी बाहेर जातो.'

सेकुलेसाहेबांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं त्यांना माझा अभिमान वाटला. 'जा, पोरा, जा,' म्हणाले. 'याला म्हणतात संस्कार. गोयको, दार उघडा त्याला.' गोयको चक्क धावले. क्रस्तो मास्तरांनी कपाळावर हात मारला. का ते कळलं नाही.

मी उंबऱ्यावर असताना दारिंकाबाई म्हणाल्या, 'थांबा. मार्चचा ठराव आहे. कूम हे नातं नाही. त्या कारणानं कुणी बाहेर जाणार नाही.'

'तो ठराव मोठ्या माणसांसाठी होता,' साहेब म्हणाले.

'ठरावात वय लिहिलेलं नाही.'

'जावळाचा कूम वेगळा. फार पवित्र प्रकार आहे हा. जुना.'

मास्तर म्हणाले, 'पवित्र असेल तर ठराव रद्द करा. मग कूम म्हणून वुकोता बाहेर जाईल आणि तुम्ही चौघंही. आम्ही दोघं बसतो इथे, बघतो अर्जाचं काय करायचं ते.'

साहेबांनी मिशी चावली. मला मात्र एकदम उजेड पडला. मी परत येऊन बसलो आणि म्हटलं, 'मला पुन्हा ठराव हवा. साफ शब्दांत. लग्नाचा, बाप्तिस्म्याचा, जावळाचा, कुठलाच कूम नातेवाईक नाही. आणि शिक्का मारलेली प्रत मला.'

'कशाला?'

'घरी लावायला.'

साहेबांना दुसरा इलाज नव्हता. सात हात वर. या लोकांबरोबर मी पहिल्यांदाच हात वर केला आणि मला ते चक्क आवडलं. मग परवान्याचं मत आलं. कुणी कुमाचं नाव काढायच्या आत मी म्हटलं, 'माझ्या कुणी नातेवाइकाचा अर्ज नाही हा, आत्ताच ठरलंय,' आणि विरोधात हात वर केला. बाजूनं चार, विरोधात तीन. नामंजूर.

पॅसेजमध्ये दारिंकाबाईंनी प्रत दिली. शिक्का दोनदा मारला होता. 'एक माझ्याकडून,' म्हणाल्या.

२५ एप्रिल

तशीच ती प्रत घेऊन ब्लाझोच्या अंगणात. नेवेना जिन्यावर उभी होती. मी म्हटलं, 'काका, सरकारनं एकमतानं ठरवलंय, मी तुमचा कोणी नाही. चार तुमचेच कूम, त्यांच्याही सह्या आहेत. हे खोटं म्हणाल तर त्यांनी आजवर तुम्हाला दिलेली मतं खोटी. खरं म्हणाल तर तुमची मुलगी माझी बहीण नाही. बोला.'

ब्लाझोनं दोनदा वाचलं. मला वाटलं माणूस आता हातपाय आपटेल. पण ते शांतपणे म्हणाले, 'त्या यादीत कोण कोण आहे रे? ज्याला बाहेर जावं लागतं?'

'नवरा, बायको, मुलं, भाऊ, बहीण, सासरा, जावई.'

'जावई आहे?'

'ठळक अक्षरात.'

त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि हसले. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. 'अरे, जावळाचा कूम म्हणजे काय. केस वाढले की संपला. बायको, राकिया आण. आपल्या नेवेनाला नवरा मिळाला.'

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. वाईट दिसणारी माणसं आतून कशी असतात हे कळायला एक कागद पुरतो.

नेवेना जिन्यावरच होती. ती रडली नाही, ती वडिलांकडे बघत होती. फार्मसीत चुकीचं औषध लिहिलेली चिठ्ठी आली की ती तशी बघते.

३० जून

लग्नाची तारीख. ब्लाझोकाका म्हणतात, सप्टेंबरचा पहिला रविवार. हॉल, बँड, कोकरं, सगळं तेच बघणार. कूम म्हणून सेकुलेसाहेब. नेवेना म्हणते, ऑक्टोबर.

'सप्टेंबरमध्ये हवा चांगली असते,' काका.

'ऑक्टोबरमध्येही असते,' ती.

'सप्टेंबर, नाहीतर माझा आशीर्वाद नाही.'

दोघं माझ्याचसाठी भांडतायत हे बघून ऊर भरून आला. मी काकांची बाजू घेतली. प्रेमात एक महिना म्हणजे काय थोडा असतो? नेवेना उठून आत गेली आणि भांडी जोरजोरात धुवायला लागली.

९ जुलै

ती म्हणाली, 'ऑक्टोबर का, ते मी सांगणार नाही. तू शोध. शोधलंस तर मी तुझी. नाही शोधलंस तर तू बाबांना जावई म्हणून फार शोभशील. मला नवरा म्हणून नाही.'

झगा शिवून होत नसेल. किंवा तिची आत्या जर्मनीहून ऑक्टोबरमध्ये येणार असेल. किंवा सप्टेंबरमध्ये कुठल्यातरी संताचा उपास.

१४ जुलै

आत्या ऑगस्टमध्येच येणार आहे. झगा तयार आहे. पाद्रीबाबांना विचारलं, उपासही नाही. या मुलीला माझी परीक्षा घ्यायची हौस आहे. परीक्षांचं आणि माझं जमत नाही हे तिला माहीत असताना.

१६ जुलै

हरून आईला विचारलं. ती प्लमचा मुरांबा ढवळत होती.

'सातातून एक बाहेर गेला तर किती उरतात?' ती म्हणाली.

'सहा.'

'सहाला किती मतं पुरतात?'

फळा आठवला. चार.

मग सगळंच आठवलं. गोयको दार उघडायला का धावले. मास्तरांनी कपाळ का बडवलं. माझ्या त्या अक्कलहुशारीनं नदी तेव्हाच गेली होती, ती दारिंकाबाईंनी उंबऱ्यावर पकडली. सप्टेंबरमध्ये अर्ज पुन्हा येणार. त्याआधी मी जावई. जावई यादीत आहे, ठळक अक्षरात, हे मीच त्या माणसाला अभिमानानं सांगितलं. कूम म्हणून मला आत बांधून ठेवलं, ते फसलं, आता जावई करून बाहेर काढणार. मुलगी देतोय, हुंड्यात नदी घेतोय.

मी उलथणं उचललं. 'आत्ता जातो आणि त्याची यंत्रं नदीत ढकलतो.'

'यंत्रं नदीतच आहेत,' आई म्हणाली. 'उलथणं ठेव. मुरांबा लागतो.'

१७ जुलै

नेवेनाला दुकानात जाऊन म्हटलं, 'ऑक्टोबर.'

'कारण?'

'सातातून एक गेला की चार पुरतात.'

'कुणी सांगितलं?'

'निम्मं आईनं.'

तिनं गल्ल्याच्या पलीकडून माझी कॉलर नीट केली. तिथेच, गिऱ्हाइकांसमोर. 'निम्मं चालेल,' म्हणाली.

मी तिच्या वडिलांना जाऊन सांगितलं, ऑक्टोबर. त्यांनी मला आधी कूम म्हणून समजावलं, मग जावई म्हणून, मग अंगणातून हाकललं. नातं कुठलं ते त्यांनाही शेवटी ठरवता आलं नाही.

१८ सप्टेंबर

बैठक. अर्ज आला. सेकुलेसाहेबांनी मोठ्या आशेनं विचारलं, 'कुणाचं काही नातं?' मी म्हटलं, 'माझं अजून काही नाही.' सात हजर. चार विरुद्ध तीन. नामंजूर.

बाहेर पायऱ्यांवर ब्लाझो उभे होते. मला वाटलं आता तरी मारतील. त्यांनी माझ्यापुढे सिगारेट धरली.

'हट्टी आहेस. मला हट्टी माणूस आवडतो. चल, ऑक्टोबर तर ऑक्टोबर. कोकरं तशीही वाढतायत.'

'आशीर्वाद?'

'दिला. अर्ज काय, मार्चमध्येही करता येतो.'

ते शीळ घालत पायऱ्या उतरले. सिगारेट मी ओढली नाही. नंतर ओढली.

२१ सप्टेंबर

म्हणजे ऑक्टोबरमध्ये लग्न केलं तर मार्चमध्ये नदी जाते. एप्रिलमध्ये केलं तर सप्टेंबरमध्ये. ज्या दिवशी मी नेवेनाचा नवरा, त्या दिवसापासून पुलाखालचं वळण ब्लाझोचं. संख्याशास्त्राच्या प्रोफेसराला हे गणित घातलं असतं तर तोही नापास झाला असता.

फिरायला गेलो तेव्हा नेवेनाला म्हटलं, 'मी राजीनामा देतो. उद्या देतो, परवा लग्न करू.'

'दे,' ती म्हणाली. 'तुझ्या जागेसाठी बाबांनी माणूस बघून ठेवलाय. हितसंबंध नसलेला तरुण. फॉर्म भरूनही झालाय.'

'कोण?'

'ओग्नेनच्या मामाचा मित्र. शहाणा आहे, गप्प बसतो.'

आम्ही पुलापर्यंत गेलो. पाण्यात पुलाचे पाय दिसत होते, पण आणखी उघडे पडलेले नव्हते. मार्चमध्ये होते तेवढेच. मी कठड्यावर मुठी आपटल्या. मला काय हवं होतं? एक मुलगी. नदी तर पाटीवर लिहायला होती. आता दोन्ही गळ्यात आहेत आणि एक घ्यायची तर दुसरी सोडावी लागते. हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण ती थांबली.

'आणि हे तू त्या फॉर्मवर लिहिलं नव्हतंस,' ती म्हणाली.

'काय?'

'मला.'

'तुझ्यासाठी रकाना नव्हता.'

'कुमासाठीही नव्हता, वुकोता. ते चौघंही हेच म्हणतात.'

मला राग यायला हवा होता. आला नाही, हीच काळजीची गोष्ट आहे.

तुझी मुदत किती, तिनं विचारलं. चार वर्षं, मी म्हटलं, त्यातलं अर्धं गेलं. 'अर्धं वर्ष,' ती म्हणाली, 'अर्धी मुदत नव्हे,' आणि लग्नापर्यंत उरलेली वर्षं बोटांवर मोजायला लागली. तिला मोजताना बघवेना म्हणून मी पाण्याकडे बघितलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, काचामाकवर लोणी सोडलं.

'चांगलं आहे,' म्हणाली. 'नदी वाचली. आता वंश बुडणार.'